हरिहरेश्वरचा कातळ आणि आपला कातळ



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठीं गेल्या पौषांतल्या सहलीची हकीकत मीं लिहावी, असें आपल्या संपादक भगिनींनीं सांगितलें. माझें शिक्षण सातवीपर्यंतचें. घरचें सारें आटोपून रात्रीं वही घेऊन बसावें, तेव्हां कोठें चार ओळी होतात. शिवाय कोठें उतरलों, काय जेवलों, कोणाला मोटार लागली, ही हकीकत आतां गांवांत सर्वांना पाठ झाली आहे. म्हणून ती पुन्हां न सांगतां, ज्या जागीं आपण गेलों त्या जागेचा इतिहास यथामति लिहीत आहें.

असें करण्यास आणखी एक कारण आहे. परत आल्यावर पुष्कळांनीं थट्टेनें विचारलें कीं, चारशें किलोमीटरांहून अधिक प्रवास करून, गांठचे पैसे मोडून पाहिलेंत काय, तर दगडच ना? दगडांचा पिशोरला काय तोटा आहे? प्रश्न थट्टेचा असला तरी तो खोटा नाहीं. त्याला उत्तर दिलें पाहिजे.

हरिहरेश्वर हें रायगड जिल्ह्यांत, श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला आहे. या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत असत. ब्रह्माद्रि, पुष्पाद्रि, हर्षिणाचल आणि हरिहर अशा चार टेकड्यांच्या कुशींत हें गांव वसलें आहे. लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. कालभैरव आणि हरिहरेश्वर हीं तेथलीं मुख्य दैवतें; जवळच गणपति व मारुति यांचीं देवळें आहेत. हरिहरेश्वराच्या गाभाऱ्यांत ब्रह्मा, विष्णु, महेश आणि पार्वती यांची पूजा होते. दर्शनाची रीत अशी कीं, आधीं कालभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हां कालभैरव.

दर्शनानंतर प्रदक्षिणा. आपल्याकडे प्रदक्षिणा देवळाभोंवतीं घालतात. येथें ती टेकडीला घालावी लागते. देवळामागच्या वाटेनें पायऱ्या चढून खिंडीपाशीं गेलें कीं एकाएकीं समोर समुद्र उभा राहतो. आपल्यांतल्या बहुतेक जणींनीं समुद्र प्रथम पाहिला तो या ठिकाणीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. एकीनें पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले, मग सर्वांनींच जोडले. त्या खिंडींतून खालीं पायऱ्या उतरतात त्या दोन उभ्या कड्यांच्या मधल्या अरुंद फटींतून. दोहों बाजूंस काळा कातळ आणि समोर फेसाळणारें पाणी. खालीं उतरलें कीं कातळाचा एक सपाट पट्टा लागतो. त्याच्या एका अंगास कडा आणि दुसऱ्या अंगास समुद्र. त्या पट्ट्यावरून टेकडीला वळसा घालून पुन्हां गांवाकडच्या वाळूवर यायचें, ही प्रदक्षिणा. वाटेंत विष्णुपद, गायत्रीतीर्थ, चक्रतीर्थ अशीं स्थानें आहेत.

त्या कड्याकडे नीट पाहिलें तर मन थक्क होतें. कोठें कातळ मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार झाला आहे, कोठें त्यांत देवळीएवढे कोनाडे पडले आहेत, कोठें माणूस बसेल एवढ्या गुहा आहेत. कोणा कारागिरानें छिन्नी घेऊन कोरलें असावें, असेंच वाटतें. पण हा कारागीर म्हणजे समुद्र. लाटा खालून कडा पोखरतात आणि वरचा भाग ढासळतो. असें होतां होतां कडा मागें सरकतो व पायापाशीं सपाट ओटा उरतो. त्यावरूनच आपण चालतों. जाळी मात्र लाटांच्या माराने होत नाहीं, ती मिठानें होते. भगिनींनो, घराच्या भिंतीला लोणा लागतो तो आपण सर्वजणी जाणतों. मिठाचें मडकें कांहीं वर्षांनीं बाहेरून पापुद्रे धरून झडूं लागतें, हेंहि आपल्या पाहण्यांतलें आहे. तेंच येथें घडतें. खारें पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतें, उन्हानें सुकतें, मिठाचे खडे आंत फुगतात आणि दगडाचा कण कण सुटतो. एक खळगा पडला कीं त्यांत ओल अधिक टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. अशी हजारों वर्षें गेलीं म्हणजे कातळाची जाळी होते.

आतां, दगडाचा पिशोरला काय तोटा, या प्रश्नाकडे येतें. हा काळा पाषाण आणि आपल्या गांवचा काळा पाषाण हे एकच आहेत. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. तो थंड झाला तोच हा कातळ. आजहि तो सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेला आहे. सह्याद्रीचे डोंगर त्याचेच, अजिंठा त्याचाच, वेरूळ त्याचेंच. वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं याच कातळांत वरून खालीं खोदीत नेलें. आपल्या कन्नड तालुक्यांतलें पितळखोरें तर त्याहून कितीतरी जुनें. तेथलें खोदकाम इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत सुरू झालें. म्हणजे एकाच दगडाला एका टोकाला माणसाच्या हातानें आकार दिला आणि दुसऱ्या टोकाला समुद्राच्या पाण्यानें.

ही गोष्ट मला पुस्तकानें सांगितली, पण ती पटवली आपल्या सर्वांत वडील काकूंनीं. काकूंचें वय सत्तरीच्या वर. अद्रकाच्या लावणीच्या मजुरींतून त्यांनीं सहलीचे पैसे साठविले होते. त्या पायऱ्या उतरून खालीं आल्या आणि देवाचें नांव घेण्याआधीं त्यांनीं कड्यावर पंजा टेकला. म्हणाल्या, "हा तर आपल्याच खाणीचा गं माय! बहात्तरच्या दुष्काळात हाच फोडला मी." १९७२ च्या दुष्काळांत आपल्या भागांतल्या हजारों बायांनीं रस्त्याच्या कामावर बसून खडी फोडली, हें आपल्या आयांकडून आपण ऐकलेंच आहे. जो दगड घणानें फोडतांना हाताला घट्टे पडले, तो समुद्राचें पाणी कसा कोरतें, हें काकू बराच वेळ पाहत उभ्या होत्या.

दगड आपला ठरला. पण या किनाऱ्यावरच्या माणसांचा इतिहासहि आपल्या जिल्ह्याशीं कसा जोडलेला आहे, तें आतां सांगतें.

हरिहरेश्वराच्या उत्तरेस मुरुडपाशीं समुद्रांत जंजिऱ्याचा किल्ला आहे. तो आधीं अहमदनगरच्या निजामशाहीच्या ताब्यांत होता आणि तेथें मूळचे आफ्रिकेंतून आलेले सिद्दी सरदार अंमल करीत. त्याच निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर, तोहि आफ्रिकेंतूनच आलेला. त्यानें १६१० सालीं खडकी हें शहर वसविलें. आपण आजारपणाला, कोर्टकचेरीला, लग्नाच्या खरेदीला जातों तेंच हें शहर. पुढें त्याचें नांव औरंगाबाद झालें आणि २०२३ पासून जिल्ह्याचें व शहराचें नांव छत्रपति संभाजीनगर आहे. अंबरानें तेथें नहरीनें पाणी खेळविलें. म्हणजे चारशें वर्षांपूर्वीं जंजिऱ्याचा समुद्र आणि खडकीचें माळरान एकाच सत्तेखालीं नांदत होतें.

निजामशाही १६३६ सालीं बुडाली, पण सिद्दी टिकून राहिले. शिवाजी महाराजांनीं प्रयत्न केले, संभाजी महाराजांनींहि प्रयत्न केले, तरी जंजिरा हातीं आला नाहीं. श्रीवर्धन हें त्या सिद्दींच्या मुलखांत होतें. हरिहरेश्वरापासून सुमारें २० किलोमीटरांवर असलेल्या या श्रीवर्धनास भट घराण्याकडे देशमुखी होती. हरिहरेश्वर हें त्यांचें कुलदैवत. सतराव्या शतकाच्या अखेरीस सिद्दीच्या जाचामुळें या घराण्यांतले बाळाजी विश्वनाथ गांव सोडून घाटावर गेले. सावित्रीच्या पलीकडे वेळास गांव आहे. तेथले भानू हेहि त्यांच्याबरोबर निघाले, असें सांगतात. नाना फडणवीस हे याच भानू घराण्यांतले.

घर, जमीन आणि कुलदैवत मागें टाकून निघालेला हा माणूस १७१३ सालीं छत्रपति शाहू महाराजांचा पेशवा झाला. श्रीवर्धनास त्यांचा पुतळा आहे. बाळाजी विश्वनाथ १७२० सालीं वारले आणि त्यांचे चिरंजीव बाजीराव पेशवे झाले. हरिहरेश्वराच्या देवळाच्या जीर्णोद्धाराशीं लोक याच बाजीरावांचें नांव जोडतात.

त्यानंतर आठ वर्षांनीं हेच बाजीराव आपल्या जिल्ह्यांत आले. वैजापूर तालुक्यांतलें पालखेड आपल्याला परकें नाहीं. त्या बाजूस आपल्या कितीतरी लेकी दिल्या आहेत. १७२८ च्या फेब्रुवारींत त्या पालखेडपाशीं बाजीरावांनीं निजाम-उल्-मुल्काला कोंडलें. निजामाजवळ मोठ्या तोफा होत्या, पण त्या जड. बाजीरावांचे घोडेस्वार हलके. त्यांनीं इकडेतिकडे हुलकावण्या दाखवून निजामाला तोफखान्यापासून दूर ओढलें आणि जेथें पाणी मिळेना अशा जागीं त्याचा दाणावैरणीचा रस्ता तोडला. निजामाला तह करावा लागला. मार्च १७२८ मध्यें मुंगी-शेवगांव येथें तो तह झाला आणि शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्यानें मान्य केला. इंग्रज सेनापति माँटगोमेरी यानेंहि आपल्या युद्धाच्या इतिहासांत या मोहिमेची वाखाणणी केली आहे. पाण्यावांचून काय होतें हें मराठवाड्यांतल्या बाईला वेगळें सांगावयास नको. पण समुद्रकांठच्या घराण्यांतल्या मुलानें तें ओळखून एवढी लढाई जिंकावी, याचें मला नवल वाटलें.

पुरुषांचा इतिहास सांगतांना बायकांचीं नांवें राहून जातात, म्हणून एक नांव मुद्दाम लिहितें. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई. पतीबरोबर गांव सोडून निघालेल्या या बाईनें मुलगा पेशवा झालेला पाहिला. १७३५ सालीं त्या पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या. उदेपूर, जयपूर करीत त्या काशीस पोहोंचल्या आणि १७३६ सालीं परत आल्या. वाटेंतल्या राजांनीं त्यांचा मानसन्मान केला. त्या काळीं आगगाडी नाहीं, मोटार नाहीं. आपल्यापैकीं कित्येकींना दोन रात्री घराबाहेर राहण्यासाठीं किती जणांची मनधरणी करावी लागली, तें ज्याचें त्याला ठाऊक. राधाबाईंचें नांव अशा वेळीं तोंडीं असावें.

हरिहरेश्वराच्या दक्षिणेस सावित्री नदी समुद्रास मिळते. ही नदी महाबळेश्वरास उगम पावते. पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला आहे. १७५५ सालीं इंग्रजांनीं तो घेतला व त्याला व्हिक्टोरिया किल्ला असें नांव दिलें. त्याच नदीची एक दुःखद गोष्ट सांगतात. महाबळेश्वरच्या ज्या कड्याला आर्थर सीट म्हणतात, तो आर्थर मॅलेट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नांवावरून. त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या मुखापाशीं होडी उलटून बुडाल्या, आणि तो पुढें नदीच्या उगमापाशीं त्या कड्यावर बसून पाण्याकडे पाहत असे, असें म्हणतात. खरें किती आणि सांगोवांगी किती हें असो. पण हें पाणी कोणाचीहि भीडमुर्वत ठेवीत नाहीं, एवढें त्यावरून कळतें. प्रदक्षिणेच्या वाटेवरून लाटेनें माणसें ओढून नेल्याच्या घटना आजच्या काळांतहि घडल्या आहेत.

आपल्यावरहि तसा प्रसंग यावयाचा, तो टळला. आपण तेथें पोहोंचलों त्या दिवशीं तृतीया होती आणि वेळ दुपारी बाराची. दर्शन झालें, खिंड चढून झाली, आणि कित्येक जणी पायऱ्या उतरूं लागल्या. प्रदक्षिणा अर्धी राहिली तर दर्शन पुरें होत नाहीं, असा त्यांचा आग्रह. मोटारवाल्याचीहि घाई होती, कारण रात्रीं महाडकडे मुक्काम व दुसऱ्या दिवशीं रायगड, असा बेत ठरला होता. तेवढ्यांत पायऱ्यांपाशीं नारळ विकणाऱ्या एका म्हातारीनें हांक मारली. "बायांनो, आज तीज हाय. तिजेला पाणी सव्वादोनाला भरतंय. आता उतराल तर वर येणं तुमच्या हाती नाय." काकूंनीं विचारलें, "मग माय, कधी जावं?" ती म्हणाली, "उद्या सकाळी. चवथीला नवाच्या सुमारास पाणी उतरलेलं असतंय."

घड्याळ न पाहतां तिनें वेळ सांगितली, तिचा हिशेब मीं विचारून घेतला. तो सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तिथीची पाऊणपट करावी. जेवढा आंकडा येईल, सुमारें तेवढ्या वाजतां भरती पुरी होते. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, चतुर्थीची तीन, अष्टमीची सहा, एकादशीची सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष, हिशेब एकच. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते, आणि दिवसांतून दोनदां हें चक्र फिरतें. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा उगवतो, तशी भरतीहि रोज तेवढीच मागें पडते. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेंत येते, म्हणून पाणी फार चढतें व फार उतरतें. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी बेतानें चढतें, त्याला भांगाची भरती म्हणतात. आपण उपासतापासासाठीं रोज पंचांग पाहतों. त्याच पंचांगांत समुद्राचें वेळापत्रक लिहिलेलें आहे, हें मला त्या दिवशीं समजलें.

मग तेथेंच, पायऱ्यांवर बसून, मंडळाची सभा भरली. राहावें तर माणशीं तीनशें रुपये जास्त आणि रायगड हुकणार. निघावें तर काकूंची प्रदक्षिणा राहणार. पुन्हां त्या येथें येतील असें त्यांनाहि वाटत नव्हतें. बराच वाद झाला. चार जणी रुसल्या, त्यांचेंहि खोटें नव्हतें. रायगड पाहण्यासाठींच त्या आल्या होत्या. शेवटीं हात वर करून मतें घेतलीं आणि राहण्याचें ठरलें. दुपारीं दोनच्या पुढें आम्ही खिंडींतून खालीं पाहिलें, तेव्हां ज्या पट्ट्यावरून चालत जाणार होतों तेथें पाणी कड्यावर आदळत होतें आणि शेवटच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. मग रुसलेल्या जणीहि गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशीं संकष्टी होती. उपाशीपोटीं सकाळीं आठ वाजतां आपण सर्वजणी खालीं उतरलों. पाणी लांब गेलें होतें. खळग्यांतून समुद्राचें पाणी सांचून त्यांत बारीक खेकडे फिरत होते. शेवाळावरून पाय घसरतो, म्हणून एकमेकींचे हात धरून साखळी केली आणि काकूंना मध्यें घेतलें. दहाच्या आंत प्रदक्षिणा पुरी झाली. त्या म्हातारीला काकूंनीं आपल्या पिशवींतलें अद्रक दिलें आणि तिनें काकूंना नारळ दिला. पैशाचें नांव दोघींनींहि काढलें नाहीं.

भगिनींनो, ज्यांना या वेळीं येतां आलें नाहीं अशा पुष्कळ जणी आहेत. कोणाची परवानगी नव्हती, कोणाजवळ पैसे नव्हते, कोणाच्या घरीं आजारपण होतें. त्यांच्यासाठीं एक सूचना मांडून हा लेख पुरा करतें. पुढच्या वर्षीं दूर न जातां आपण पितळखोऱ्यास जाऊं. सकाळीं निघून संध्याकाळीं चुलीपाशीं परत येतां येईल आणि खर्चहि थोडा. तेथलाहि कातळ ठिसूळ. पाण्यापावसानें पुष्कळ लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत, म्हणून पावसाळा सरल्यावर जावें. तेथें दान देणाऱ्यांचे लेख ब्राह्मी लिपींत कोरलेले आहेत. पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचें नांव त्यांत आहे, आणि मगिल नांवाच्या राजवैद्याच्या मुलीचेंहि आहे. तिचें नांव दत्ता. दोन हजार वर्षांपूर्वीं आपल्याच तालुक्यांतल्या दगडावर एका बाईनें आपल्या नांवानें दान कोरवून ठेवलें, आणि तें अजून वाचतां येतें. ती अक्षरें ओळखणारा कोणी जाणकार बरोबर घ्यावा, आणि सासुरवाशिणींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांनीं तेथें जाऊन तें नांव एकदां पाहावें, अशी माझी मंडळाला विनंती आहे.